बॅटरीत किती शिल्लक ठेवायची?

मामा : गुरुग्राम ते मनाली, तिथून अटल बोगद्यातून सिस्सू, तेही जानेवारीत आणि विजेवरच्या गाडीने. तुझा तक्ता मी नीट वाचला. मुरथलला किती टक्के, बिलासपूरला किती, मंडीला किती, कुठे किती वेळ थांबायचं, तिथला चार्जर बंद असला तर पुढे कुठे जायचं. मेहनत दिसते, पण माझी शंका त्या मेहनतीमुळेच वाढते. घराबाहेर काढण्याआधी जिचा एवढा हिशेब मांडावा लागतो, ती गाडी हिमालयातल्या हिवाळ्यासाठी नाही असं का म्हणू नये? पेट्रोलच्या गाडीची टाकी कुल्लूत भरली की विषय संपतो. तुझ्या गाडीत तो तिथे सुरू होतो. आणि सोबत आजी आहे. तरुण माणसं रस्त्यात दोन तास कुडकुडली तर पुढे वर्षभर कौतुकाने सांगत बसतात. ऐंशी ओलांडलेल्या बाईला ते सोसत नाही.

भाची : आजी आहे म्हणूनच तक्ता केला, मामा. एक टप्पा तुझ्यासमोर मांडते, मग तू ठरव. गाडीची बॅटरी ४५ युनिटची. युनिट म्हणजे आपल्या वीजबिलातलं असतं तेच. सपाट रस्त्यावर १०० किलोमीटरला साधारण १४ युनिट लागतात. मंडी ते मनाली ११० किलोमीटर, म्हणजे साडेपंधरा युनिट झाली. मंडी ८०० मीटरच्या आसपास आहे, मनाली २,०५० वर. माणसं आणि सामान धरून १,८०० किलोचं ओझं साडेबाराशे मीटर वर चढवायला सहा युनिट लागतात. हे शाळेतल्या पदार्थविज्ञानाचं गणित आहे, कंपनीच्या जाहिरातीतलं नाही. साडेतीन तास हीटर दीड किलोवॅटने चालला तर आणखी पाच. बेरीज सव्वीस-सत्तावीस, म्हणजे बॅटरीचे ६० टक्के. म्हणून मंडीतून ९० टक्क्यांवर निघायचं आणि मनालीत ३० वर पोचायचं. सपाटीवर ३०० किलोमीटर जाणारी हीच गाडी इथे ११० किलोमीटरला निम्म्याहून जास्त रिकामी होते. हे आधी कळलं तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही. न कळता घाटात शिरलं तर मात्र आहे.

एक गोष्ट मलाही हिशेब करतानाच उमगली. हरियाणातलं धुकं आपल्या फायद्याचं आहे. शंभरने जाणारी गाडी धुक्यात साठने चालवावी लागते आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत कमी होतो. तिथे वेळ जातो, पण बॅटरी वाचते. म्हणजे तक्त्यातली सगळीच बाजू उणी नाही.

मामा : तुझी बेरीज बरोबर आहे, पण तिच्यात बॅटरी पुण्याच्या हवेत उभी आहे. थंडीत ती ४५ युनिटं ४५ राहतात का? २०२४ च्या जानेवारीत शिकागोत काय झालं ते जगाने पाहिलं. कडाक्याची थंडी पडली, चार्जिंग स्टेशनांवर रांगा लागल्या, गाड्या तासन्‌तास चार्ज होईनात आणि काही तिथेच मृतवत पडून राहिल्या. ती माणसं अडाणी नव्हती. त्यांच्याकडेही ॲप होतं, नकाशा होता, आणि आपल्यापेक्षा कितीतरी जास्त चार्जर होते.

भाची : शिकागोत जे घडलं त्याचं कारण समजून घेतलं तर आपला बेत बदलतो, आणि मी तो बदललाही आहे. लिथियमच्या बॅटरीत वीज म्हणजे आयनांची ये-जा. गारठ्यात आतला द्रव थिजत्या तुपासारखा जड होतो, आयन सावकाश हलतात, अंतर्गत विरोध वाढतो. बॅटरीतून वीज काढताना त्यामुळे थोडी तूट येते, पण खरी अडचण वीज भरताना आहे. शून्याखालच्या बॅटरीत जोरात वीज भरली तर लिथियम ऋणाग्राच्या आत न शिरता त्याच्या पृष्ठभागावर धातूच्या थरासारखं साचतं, आणि ते नुकसान कायमचं असतं. म्हणून गाडीचा संगणकच चार्जिंगचा वेग पाडतो. बाहेर ६० किलोवॅटचा चार्जर असला तरी गार बॅटरी पंधराच घेते. आपल्याकडे बहुतेक गाड्यांत लोह-फॉस्फेटची बॅटरी असते. ती टिकाऊ आहे, तापल्यावर तुलनेने सुरक्षित आहे, पण थंडीला जास्त नाजूक आहे. शिवाय तिचं व्होल्टेज बराच वेळ एकाच पातळीवर राहतं, त्यामुळे आत नक्की किती उरलंय याचा अंदाज गाडीला लवकर लागत नाही.

यातून नियम निघतो तो असा : चार्जिंग सकाळी करायचं नाही, संध्याकाळी करायचं. दिवसभर चालून, घाट चढून बॅटरी आतून गरम झालेली असते. मनालीत पोचल्या पोचल्या, सामान उतरवायच्याही आधी, गाडी चार्जरला लावायची. रात्रभर उणे पाचात उभी राहिलेली गाडी सकाळी चार्जरवर नेली तर तिथे दुप्पट वेळ जाणार, आणि मागे रांग लागणार. शिकागोतल्या बऱ्याच जणांचं नेमकं हेच झालं. बॅटरी आधी गरम न करता ते थेट चार्जरवर गेले. नॉर्वेत २०२४ साली विकल्या गेलेल्या नव्या मोटारींत जवळजवळ ८९ टक्के पूर्णपणे विजेवरच्या होत्या. तिथला हिवाळा मनालीपेक्षा सौम्य नाही.

मामा : नॉर्वेचं नाव येणार याची मला खात्री होती. तिथल्या गाडीत हीट पंप असतो. तो एका युनिटात दोन-तीन युनिटांची ऊब देतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत तारेचा हीटर असतो, एका युनिटात एकच. आपल्या बाजारात गार हवा देणारी सीट मिळते, कारण इथल्या गिऱ्हाइकाला उन्हाळा आठवतो. गरम होणारी सीट क्वचित. म्हणजे अंगाला थेट ऊब देण्याचा स्वस्त मार्ग नाही, सगळ्या डब्याची हवा तापवावी लागते. नॉर्वेतला माणूस गाडी घरच्या वाहनतळात भिंतीवरच्या चार्जरला लावून झोपतो. तू हॉटेलच्या अंगणात झोपवणार. तिथे पॉवरचा सॉकेट असेल, त्याला अर्थिंग असेलच असं नाही, आणि अर्थिंग नसलं की तुझा चार्जर लाल दिवा दाखवून स्वस्थ बसतो. अर्थिंग असलं तरी जानेवारीच्या रात्री त्या गल्लीतल्या प्रत्येक हॉटेलात प्रत्येक खोलीत हीटर आणि गीझर चालू असतो. व्होल्टेज २३० वरून १८० वर आलं तर तुझं रात्रीचं गणित कुठे जातं?

आणि या विजेचा उगमही बघ. हिमाचलची वीज पाण्याची, म्हणून स्वच्छ, असं आपण धरून चालतो. हिवाळ्यात बर्फ वितळत नाही, नद्यांचं पाणी आटतं, जलविद्युत घटते. उन्हाळ्यात शेजारच्या राज्यांना दिलेली वीज हिमाचल हिवाळ्यात परत घेतं. ती बहुतांशी मैदानातल्या कोळशाची असते. म्हणजे ज्या महिन्यात तू तिथे जास्तीत जास्त वीज मागणार, त्याच महिन्यात तिथली नदी ती द्यायला सर्वांत कमी समर्थ असते.

भाची : हा मुद्दा मला मान्य आहे, आणि तो सहसा कुणी बोलत नाही. कोळशाच्या विजेवर चाललेली गाडीसुद्धा मनालीच्या माल रोडवर धूर सोडत नाही, एवढंच मी म्हणेन. त्या चिंचोळ्या दरीत हजारो गाड्या उभ्या राहतात तेव्हा ते थोडं नाही. पण त्याने नदीत पाणी वाढत नाही, हे खरं.

हॉटेलचं मात्र हातात आहे. खोली ठरवण्याआधी मी तीन गोष्टी विचारते. १५ अँपिअरचा सॉकेट गाडी उभी राहते तिथून किती फुटांवर आहे, त्याची लाइन गीझरच्या लाइनवरून घेतली आहे की स्वतंत्र, आणि अर्थिंग कुठे पुरलंय. तिसऱ्या प्रश्नाला मालक गप्प झाला तर दुसरं हॉटेल. एक्स्टेंशन बोर्डवर रात्रभर गाडी लावायची नाही. तो वितळतो, आणि लाकडी हॉटेलात ते जिवावर बेतेल. सगळं नीट असलं तर सव्वातीन किलोवॅटने दहा तासांत तीस युनिटच्या आसपास मिळतं. बॅटरीचे ६५ टक्के. व्होल्टेज पडलं तर त्याहून कमी, पण शून्य नाही. आणि गाडी रात्रभर वायरला लावलेली असली की सकाळी निघायच्या आधी आतली हवा हॉटेलच्या विजेवर तापवता येते. सुरुवातीची पंधरा मिनिटं हीटर सर्वांत जास्त खातो. ते खाणं भिंतीतून झालं तर बॅटरीला झळ लागत नाही.

मामा : तू जे सांगतेस त्यातलं प्रत्येक वाक्य बरोबर आहे आणि तरीही माझं समाधान होत नाही. का, ते सांगतो. केंद्र सरकारने २०१८ मध्येच म्हटलं की महामार्गावर दर २५ किलोमीटरला चार्जिंग स्टेशन हवं. कागदावर तेवढे खांब उभेही राहतील. पण खांब उभा आहे आणि चार्जर चालू आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ॲपवर हिरवा ठिपका दिसतो, तिथे गेल्यावर गन तुटलेली असते, किंवा पडदा काळा, किंवा एकाच ६० किलोवॅटच्या यंत्राला दोन गाड्या लावल्या की प्रत्येकीला तीस. चालक कंपनी वेगळी म्हणून ॲप वेगळं, त्यात आगाऊ पैसे टाकायचे, आणि दरीत मोबाईलला रेंज नाही. पेट्रोलपंपावर तेल संपलं तर तो पंपवाल्याचा प्रश्न असतो; त्याला लाज वाटते, तो टँकर मागवतो. चार्जर बंद पडला तर तो तुझा प्रश्न होतो. तूच ब पर्याय शोधायचा, तूच दहा टक्के जास्तीचे ठेवायचे, तूच हीटर कमी करायचा. सगळी अनिश्चितता व्यवस्थेने प्रवाशाच्या डोक्यावर ठेवली आहे, आणि तू तिला नियोजन असं भारदस्त नाव दिलंयस. मला राग तुझ्या गाडीचा नाही, त्या ओझ्याचा आहे. ते ओझं हुशार, हिशेबी, इंग्रजी ॲप वाचणाऱ्या माणसाला पेलतं. माझ्या वयाच्या, एकट्याने गाडी चालवणाऱ्या माणसाला नाही पेलत.

भाची : हे तू आधी म्हणाला असतास तर मी वाद कमी घातला असता. हो, ओझं प्रवाशावर आहे. मी ते उचलू शकते म्हणून ते योग्य ठरत नाही. चार्जर चालू आहे की बंद, किती वाजता शेवटची गाडी चार्ज होऊन गेली, एवढं रस्त्यावरच्या फलकावर दाखवणं कंपन्यांवर बंधनकारक करायला हवं. ॲप नसलेल्यालाही ते वाचता यायला हवं. आणि एक गोष्ट मी तक्त्यात अगदी वर लिहिली आहे ती वाच : हीटर बंद करून पोचता येईल असा बेत हा बेत नव्हे. ज्या हिशेबात आजीने शाल घट्ट गुंडाळायची आणि मी टक्के वाचवायचे, तो मी फाडून टाकते. ऊब आधी, अंतर नंतर.

पण पेट्रोलने ही अनिश्चितता संपवली होती, हे मला पटत नाही. ती दिसेनाशी झाली होती. २०२२ च्या जानेवारीत पाकिस्तानात मरीला जाणाऱ्या रस्त्यावर बर्फात गाड्या अडकल्या आणि वीसहून जास्त माणसं गेली. त्यातल्या अनेकांचा जीव थंडीने नाही, तर चालू इंजिनाच्या कार्बन मोनॉक्साइडने गेला असं सांगितलं गेलं. धुराची नळी बर्फाने बुजते, हीटरसाठी इंजिन चालू असतं, आत माणसं झोपतात. त्यांच्या टाकीत तेल होतं. आपल्याकडे २०२४ च्या डिसेंबरात, नाताळच्या तोंडावर, सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात सुमारे हजार गाड्या अडकल्या आणि पोलिसांना शेकडो पर्यटकांना सोडवून आणावं लागलं. अशा रांगेत बंद काचांमागे रात्र काढायची वेळ आली तर मला विजेच्या गाडीत काढायला आवडेल. तिच्यात जळत काहीच नाही. दीड किलोवॅटने हीटर चालला तर निम्म्या बॅटरीत पंधरा तास निघतात.

मामा : मरीचं उदाहरण विसरण्यासारखं नाही, आणि त्याला माझ्याकडे उत्तरही नाही. पण त्या पंधरा तासांनंतरचं बोलू. रस्ता मोकळा होतो. पेट्रोलवाल्याला मागचा कुणीतरी पाच लिटरचा कॅन देतो आणि तो निघतो. तुला कॅनमधून वीज कोण देणार? शून्यावर आलेली विजेची गाडी त्या अरुंद रस्त्यावर स्वतः अडथळा होते. तिला उचलून नेणारं वाहन वर यायला हवं. म्हणजे कोंडीत तुझी गाडी जास्त सुरक्षित, आणि कोंडी सुटल्यावर जास्त असहाय. दोन्ही एकाच वेळी खरं आहे. तेव्हा तुझ्या सगळ्या तक्त्यातला मला महत्त्वाचा वाटतो तो एकच आकडा, बोगद्याच्या अलीकडे किती टक्के असतील तर पुढे जायचं. तो तू लिहिलेला नाहीस.

भाची : लिहिला नाही कारण तो मला ठरवता येत नव्हता. आता तुझ्याबरोबर ठरवते. मनालीतून ९५ टक्क्यांवर निघू. इथे एक बारकावा आहे. दिल्लीकडे परतताना मनालीतून पूर्ण भरून निघायचं नाही, कारण लगेच उतार लागतो आणि भरलेल्या बॅटरीत ब्रेकची परत येणारी वीज, म्हणजे रीजनरेशन, मावत नाही. त्या दिवशी ८५ पुरे. सिस्सूला जाताना मात्र आधी चढ आहे, तेव्हा भरून निघालेलं चांगलं. बोगद्याचं दक्षिण तोंड ३,००० मीटरच्या जरा वर आहे. पंचवीस-एक किलोमीटर अंतर, हजार मीटर चढ, दोन तास हीटर, सगळं मिळून साडेअकरा युनिट. म्हणजे कोंडी नसेल तर तिथे ७० टक्के दिसायला हवेत. तिथून ९ किलोमीटरचा बोगदा, पलीकडे सिस्सू, परत, आणि मनालीपर्यंतचा उतार, याला नऊ-दहा युनिट लागतील. उतारावर चढणीची निम्मी-अधिक वीज परत येते, पण बर्फ असेल तर मी ती आशा धरत नाही. निसरड्यावर रीजनरेशन जोराचं ठेवलं की ज्या चाकांवर मोटर आहे ती चाकं घसरू शकतात, म्हणून ते अगदी हलकं ठेवायचं.

तर माझा आकडा ४५. पंचेचाळीसच्या खाली असेल तर बोगद्याच्या अलीकडूनच मागे.

मामा : माझा ६०.

भाची : मधले पंधरा टक्के म्हणजे पावणेसात युनिट. हीटरचे साडेचार तास. ते तू कशासाठी ठेवतोयस ते मला समजून घ्यायचंय. ४५ वरही परतायला लागतात त्याच्यावर दहा-अकरा युनिट उरतात, म्हणजे सात तासांची ऊब.

मामा : सात तास संध्याकाळी चारला मोजायला लागलीस तर रात्री अकराला संपतात. साडेअकरा तास पहाटेपर्यंत नेतात. वरच्या भागातला बर्फ हटवणारं यंत्र अंधारात किती काम करेल याचा मी भरवसा धरत नाही. माझा आकडा गाडीचा नाही, रात्रीच्या लांबीचा आहे. आणि तो आजीसाठी आहे; तू एकटी असतीस तर मी ४५ ला हरकत घेतली नसती.

भाची : साठ मान्य. पण त्यातून वेगळाच प्रश्न निघतो, आणि तो मला अस्वस्थ करतोय. समज, त्या दिवशी वर शंभर विजेच्या गाड्या आहेत. प्रत्येकाने तुझ्यासारखाच शहाणपणाने आकडा ठरवला आहे. कोंडी झाली, हीटर चालू राहिले, दोन तासांत सगळ्यांचे आकडे एकामागून एक साठच्या खाली आले आणि सगळेच बोगद्याच्या तोंडाशी गाडी वळवू लागले. दोन पदरी रस्ता, एका कडेला बर्फाचा बांध. वळणाऱ्या गाड्यांनीच रस्ता बंद होईल. प्रत्येकाचा बेत बरोबर, आणि सगळ्यांची मिळून कोंडी. म्हणजे परतायचा निर्णय बोगद्यापाशी घेणं हेच चूक आहे का?

मामा : असेल तर तो मनालीतच घ्यावा लागेल, निघायच्या आधी. पण मनालीत बॅटरी काहीच सांगत नाही; ती भरलेली असते. तिथे हवामान खात्याचा अंदाज पाहायचा, पोलिसांनी सोलंगच्या पुढे कुठल्या गाड्या सोडल्या आहेत ते पाहायचं. किंवा माझा मूळचा सल्ला ऐकायचा, गाडी हॉटेलात ठेवून साखळ्या लावलेल्या स्थानिक फोर-बाय-फोर टॅक्सीने जायचं. तो ड्रायव्हर रोज तिथे असतो.

भाची : टॅक्सीत बसले तर मी ओझं उतरवलं नाही, दुसऱ्याच्या डोक्यावर दिलं, आणि त्याच्या डिझेलचा धूर त्या दरीत सोडला. तरी मी तो पर्याय खोडत नाही. मला अंदाजाबद्दल बोलायचंय. हवामान खातं बर्फ किती पडेल ते सांगू शकतं. दुपारी बारापर्यंत वर किती गाड्या येतील ते कुणीच सांगत नाही, आणि आपली बॅटरी बर्फापेक्षा गर्दीत जास्त जाते. त्यामुळे मला एकच उपाय दिसतो, पहाटे सहाला निघून गर्दी चढायच्या आत बोगद्याच्या अलीकडे परत यायचं.

मामा : पहाटे सहाला सोलंगच्या पुढे ऊन पोचलेलं नसतं. दिवसाचं वितळपाणी रस्त्यावर काचेसारखं गोठलेलं असतं, आणि तुझी बॅटरीही त्याच वेळी सर्वांत गार असते.

भाची : हो. रात्रभर वायरला लावून ठेवलेली असली तरी आतले सेल गारच असतात, रीजनरेशन जवळजवळ मिळत नाही. ऊन येईपर्यंत थांबावं तर दहा वाजतात, आणि दहाला दिल्ली-चंदीगडच्या गाड्या वर चढू लागलेल्या असतात. बर्फ टाळायचा तर उशिरा, गर्दी टाळायची तर लवकर. तक्त्यात या ओळीपुढची जागा मी अजून कोरी ठेवली आहे.